मॅनेजर टिकला म्हणून क्लब जिंकतो, की क्लब जिंकतो म्हणून मॅनेजर टिकतो? आणि खेळाडू विकण्याचं काय?

मधलीफळी

बालेवाडीत आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) सामने व्हायचे त्या पाच मोसमांत एफसी पुणे सिटीचे सहा हेड कोच झाले: कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल आणि ब्राउन. उपांत्य फेरी एकदाच, २०१७-१८ ला, पोपोविच असताना. पुढच्या मोसमाला तो नव्हता, २०१९ मध्ये क्लबही उरला नाही. त्यामुळे पुण्यात फुटबॉलचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "एक कोच धरून ठेवायला हवा होता."

हे वाक्य मला तपासून घ्यायचंय. मालक अब्रामोविचच्या काळात, २००३ ते २०२२, इंग्लिश क्लब चेल्सीने मॅनेजर कॅलेंडरच्या पानांसारखे फाडले, तरी ५ प्रीमियर लीग आणि २ चॅम्पियन्स लीग मिळवल्या. २०१२ ची चॅम्पियन्स लीग तर हंगामी मॅनेजर दि मॅतेओने जिंकून दिली. व्हिलास-बोआसला मार्चमध्ये नारळ, मेमध्ये चषक.

विक्रीचंही तेच. साउथॅम्प्टनने २०१४ च्या उन्हाळ्यात लल्लाना, लॉव्हरेन, लँबर्ट, शॉ आणि चेंबर्स विकले, मॅनेजर पोचेटिनोही गेला, आणि आदल्या वर्षी आठवा असलेला संघ सातवा आला. टॉटनहॅमने २०१३ मध्ये बेल विकला, सात नवे घेतले, आणि डिसेंबरात मॅनेजर घरी.

मग नेमकं मोडतं काय, आणि कधी? "पॅशन" आणि "क्लबचा डीएनए" हे शब्द वगळून लिहा ही विनंती.

आकडेमोड

आधी मॅनेजरचा अर्धा भाग घेतो.

मॅनेजरला काढतात ते बहुधा चार-पाच पराभव ओळीने झाल्यावर. त्या पराभवांत थोडी खरी घसरण असते, थोडं निव्वळ दुर्दैव: खांबाला लागलेले फटके, शेवटच्या मिनिटाची पेनल्टी, दोन सेंटर बॅक एकदम जखमी. दुर्दैवाचा भाग आपोआप सरतो. तोवर नवा माणूस आलेला असतो आणि श्रेय त्याच्या खात्यावर पडतं. ताप उतरायच्या बेताला असताना डॉक्टर बदलला तर गुण नव्या डॉक्टरचाच वाटणार.

बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ चे डच लीगचे निकाल घेऊन हेच तपासलं. एका बाजूला मॅनेजर काढलेले क्लब, दुसऱ्या बाजूला तेवढीच घसरण होऊनही न काढलेले. दोन्ही गट जवळपास सारखेच सावरले.

म्हणून काढण्याआधी बघायचं ते असं. शेवटच्या १०-१२ सामन्यांचे अपेक्षित गोल (संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते तो आकडा) घ्या, आपले आणि विरुद्ध झालेले. त्यातून पेनल्टी वगळा. लाल कार्डानंतरची मिनिटं वगळा. समोरचे संघ किती अवघड होते आणि सामने घरी होते की बाहेर, ते शेजारी लिहा. मग पहिल्या पसंतीचे ११ पैकी किती जण प्रत्यक्ष उपलब्ध होते ते मोजा. फरक मागच्या मोसमाइतकाच असेल तर बसून राहा. सगळे धडधाकट असतानाही फरक घसरला असेल, तर मात्र रोग खरा आहे.

धडा म्हणून डॉर्टमुंड २०१४-१५. हिवाळी सुट्टीला क्लॉपचा संघ १७ वा, फेब्रुवारीत ऑग्सबुर्गकडून हरला तेव्हा तळाला १८ वा. कोच तोच ठेवला, मोसमाअखेर सातवे. संधी तयार होतच होत्या, चेंडू जाळ्यात जात नव्हता.

मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचं उदाहरण येणारच, म्हणून आधीच लिहून टाकतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये आला, १९८९-९० ला लीगमध्ये १३ वा, त्याच मोसमात एफए कप, पहिली लीग १९९३ ला. खरं आहे सगळं. पण धरून ठेवलेले आणि तरीही काहीच न जिंकलेले मॅनेजर किती, ही यादी कुणी करत नाही. तक्त्यातली जागा सगळ्यात जास्त ठरते ती पगाराच्या एकूण बिलावरून. पगारात सहावा असलेला क्लब सहावा आला की मॅनेजर टिकतो, बारावा आला की जातो. टिकणं हा बऱ्याचदा परिणाम असतो, आपण त्याला कारण समजतो.

पूर्वस्टँड

म्हणजे कोच कोणीही चालेल? उद्या माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला बसवा मग.

आकडेमोड

@पूर्वस्टँड, चांगला-वाईट कोच हा वेगळा प्रश्न आहे. मी *बदलण्याच्या* परिणामाबद्दल लिहिलं. तुमच्या सेक्रेटरींना बसवलं तर अपेक्षित गोलांतच दिसेल.

डावीबाजू

आकडेमोड यांच्याशी बराचसा सहमत, पण बदलामुळे मैदानावर काय होतं ते आकड्यांत उशिरा दिसतं. ते आधी सरावात दिसतं.

युरोपात खेळणाऱ्या क्लबचा आठवडा बघा. बुधवारी सामना, गुरुवारी खेळलेल्यांना फक्त विश्रांती आणि मालिश, शुक्रवारी डावपेचाचा एक सराव, शनिवारी कॉर्नर-फ्री किक आणि हलकं पळणं, रविवारी सामना. म्हणजे शिकवायला मिळतो तो आठवड्यात एक तास, फार तर दोन. मोसमाच्या मध्यात आलेल्या मॅनेजरला नवी रचना या एका तासात बसवायची असते. प्रेसिंगला (चेंडू असलेल्यावर दाब टाकायला) सुरुवात कोण करणार, त्याच्या मागचा कधी सुटणार, बचावाची ओळ कुठल्या पासवर वर सरकणार, हे पाय विचार न करता करू लागेपर्यंत सहा आठवडे लागतात. ते सहा आठवडे फक्त जुलै-ऑगस्टात मिळतात.

म्हणून मधल्या बदलात एकच प्रश्न विचारायचा: नव्या माणसाची रचना *असलेल्या* खेळाडूंत बसते का?

बसली की काय होतं: तुखेल, २६ जानेवारी २०२१. चेल्सीत त्याने बचावात मागे तीन जण केले. थियागो सिल्व्हा मध्ये, त्यामुळे त्याला मोठ्या मोकळ्या जागेत धावायचं उरलं नाही. अझपिलिक्वेता आणि रुडिगर बाजूला. जेम्स आणि चिलवेल जन्माचे विंगबॅक, म्हणजे कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे. एकही खेळाडू विकत न घेता बचावाला कुलूप लागलं आणि २९ मे ला मँचेस्टर सिटीला १-० हरवून चॅम्पियन्स लीगचा चषक.

नाही बसली की काय होतं: आमोरिम, नोव्हेंबर २०२४, मँचेस्टर युनायटेड. त्याचीही रचना मागे तीनचीच, पण संघ चारच्या बचावासाठी जमवलेला. विंगबॅक म्हणावा असा माणूसच नाही, मध्यात दोघांनी सांभाळायची जागा आणि तेवढं पळू शकणारे दोघे नाहीत. ४२ गुण, १५ वा क्रमांक. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात हरले तेही टॉटनहॅमकडून, जे स्वतः लीगमध्ये १७ वे होते. (त्यांनी चषक जिंकून मॅनेजर काढला, हे आणखी वेगळंच.)

चेल्सीच्या कोड्याचं माझं उत्तर यातच आहे. २००५ ते २०१२ मॅनेजर बदलले, कणा बदलला नाही: चेक, टेरी, लॅम्पार्ड, द्रोग्बा. गोलकीपर, सेंटर बॅक, मिडफिल्डर, स्ट्रायकर. हा कणा स्वतःच अर्धं प्रशिक्षण देतो. अशा संघाला नवा मॅनेजर म्हणजे नवा ड्रायव्हर, गाडी तीच. स्थैर्य होतं, फक्त आपण चुकीच्या खुर्चीत शोधत होतो.

मधलीफळी

@डावीबाजू, "चुकीच्या खुर्चीत" पटलं. मग सेव्हियाही याच खात्यात ना? सात युरोपा लीग, चार मॅनेजर: रामोस दोन, एमेरी तीन, लोपेतेगी एक, मेंदिलिबार एक.

डावीबाजू

हो, आणि तिथे खुर्ची मोंचीची, क्रीडा संचालकाची. दानी आल्वेस बार्सिलोनाला विकला तरी गाडा चालू राहिला, कारण कोणाला घ्यायचं हे ठरवणारी माणसं आणि त्यांच्या वह्या तिथेच होत्या. २०२२-२३ हा टोकाचा नमुना: एका मोसमात तीन मॅनेजर, लीगमध्ये १२ वे, तरी युरोपा लीग घरी. त्यानंतर मोंची गेला, आणि मग गाडा खरोखर रुतला.

घसारा

विक्रीबद्दल सगळे मैदानावरून बोलतात. विक्रीची तारीख मात्र वहीतून ठरते. सीए लोकांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

खेळाडू ५ कोटी पौंडांना, ५ वर्षांच्या करारावर घेतला असं धरा. वहीत खर्च एकदम पडत नाही, दर वर्षी १ कोटी घसारा पडतो. ३ वर्षांनी पुस्तकी किंमत २ कोटी. तेव्हा ४.५ कोटींना विकला तर वहीत २.५ कोटी *नफा*, रोकडीत मात्र ५० लाख तोटा. आता तोच खेळाडू अकादमीतून वर आलेला असेल तर पुस्तकी किंमत शून्य, आणि ४.५ च्या ४.५ कोटी नफा. चेल्सीने २०२३ मध्ये माउंट विकला त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. घरचा मुलगा विकणं वहीला सर्वात गोड लागतं, आणि कणा मोडतो तो बहुतेक वेळा इथेच.

करार लांबवून घसारा पातळ करायची युक्तीही होती. मुद्रिकचा करार साडेआठ वर्षांचा होता. युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) २०२३ मध्ये घसारा पसरवण्यावर ५ वर्षांची मर्यादा घातली, डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगनेही.

आता तारीख. इंग्लंडमध्ये बहुतेकांचं हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपतं. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नफा-टिकाऊपणाच्या नियमात तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालायचा, म्हणजे वर्षाला ३.५ कोटी. खालच्या लीगमध्ये काढलेल्या वर्षाला १.३ कोटीच. नॉटिंगहॅम फॉरेस्टची त्या तीनपैकी दोन वर्षं खालच्या लीगमधली, म्हणून मर्यादा १.३ + १.३ + ३.५ = ६.१ कोटी. ती ३.४५ कोटींनी ओलांडली. ब्रेनन जॉन्सन, अकादमीचा पोरगा, १ सप्टेंबर २०२३ ला ४.७५ कोटींना टॉटनहॅमला गेला. जूनमध्ये कमी भाव मिळत होता म्हणून थांबले. भाव वाढला, पण विक्री पुढच्या वर्षाच्या वहीत पडली. ४ गुण कापले. ३२ गुणांवर जेमतेम वाचले.

थोडक्यात, जून अखेरची विक्री दिसली की "बोर्ड वेडं झालंय" म्हणण्याआधी त्यांची तीन वर्षांची बेरीज करून बघा.

पूर्वस्टँड

मार्च एंडला पुण्यातल्या ऑफिसांत जे चालतं तेच म्हणा की. फक्त इथे स्टेपलरऐवजी लेफ्ट बॅक.

घसारा

@पूर्वस्टँड, नेमकं तेच.

मॅनेजर काढण्याचीही किंमत वहीत लिहिलेली असते. मोरिन्यो आणि त्याच्या सहकाऱ्यांना डिसेंबर २०१८ मध्ये काढलं तेव्हा युनायटेडला १.९६ कोटी पौंड भरपाई पडली. काँते आणि त्याच्या चमूपायी चेल्सीला २.६६ कोटी. ब्रेंटफर्डने पीटरबरोकडून स्ट्रायकर टोनी घेतला तेव्हा सुरुवातीची रक्कम सुमारे ५० लाख होती, म्हणजे एका हकालपट्टीत चार-पाच टोनी.

आणि छुपी किंमत त्याहून मोठी. मॅनेजर गेला की त्याच्या हट्टाने घेतलेले खेळाडू अडगळीत जातात. युनायटेडने तेन हागसाठी अँटनीला सुमारे ९.५ कोटी युरोंना आणलं. तीन वर्षांनी, दुसऱ्या मॅनेजरच्या काळात, बेतिसला दिला तो सुमारे २.२ कोटींना. त्या उन्हाळ्यात पाच जण वेगळ्या वेळेला सराव करत होते, साऱ्या जगाला ठाऊक की यांना काढायचंय. संध्याकाळी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचं जे होतं तेच मग खेळाडूंचं होतं.

पर्यायी१२

विकण्याची रीत कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. विकण्याने संघ खचत नाही. विकल्यावर शोधायला निघाल्याने खचतो.

चांगले विक्रेते क्लब प्रत्येक जागेसाठी नावांची उतरंड ठेवतात: आत्ता खेळणारा, बाकावर तयार होणारा, आणि बाहेरची तीन-चार नावं, ज्यांचे सामने दोन मोसम पाहून झालेत. ब्रेंटफर्डची साखळी पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये मोपे ब्रायटनला विकला. त्याच्या जागी बाहेरचा मुख्य स्ट्रायकर बसवला नाही. एक्सेटरहून २०१७ मध्ये आणलेला वॉटकिन्स तोवर बाजूला खेळत होता, त्याला मध्ये सरकवला. त्या मोसमात २५ लीग गोल. सप्टेंबर २०२० मध्ये तो अ‍ॅस्टन व्हिलाला २.८ कोटी पौंडांना, वर बोनस. त्याच उन्हाळ्यात टोनी. ३१ लीग गोल, त्या लीगचा तेव्हाचा विक्रम, आणि मे २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये बढती. दोन उन्हाळे, तीन स्ट्रायकर, एक मॅनेजर. पण खरी गोष्ट अशी की तिघांकडून मागितलेलं काम एकच होतं: पहिला दाब, पाठ गोलकडे करून चेंडू धरणं, जवळच्या खांबाकडे धाव. माणसाच्या जागी माणूस शोधला नाही, कामाच्या जागी काम शोधलं.

ब्रायटनचंही तसंच. कायसेदो २०२१ मध्ये सुमारे ४५ लाख पौंडांना, २०२३ मध्ये चेल्सीला १० कोटी अधिक बोनस. मधे सप्टेंबर २०२२ मध्ये पॉटरही चेल्सीने नेला, आणि त्याच्या नि सहकाऱ्यांच्या बदल्यात ब्रायटनने २ कोटींहून जास्त घेतले. दे झेर्बी आला, संघ सहावा, प्रथमच युरोप. मॅनेजरचीही उतरंड ठेवता येते याचा हा पुरावा.

बिघडतं कुठे? तीन ठिकाणी, माझ्या मते.

पहिलं, सगळ्यांना कळलं की तुमच्या खिशात पैसे आहेत. बार्सिलोना, ऑगस्ट २०१७, नेमारचे २२.२ कोटी युरो. तारीख जगजाहीर, रक्कम जगजाहीर. तीन आठवड्यांनी डेम्बेले १०.५ कोटी अधिक बोनस, जानेवारीत कुटिन्यो. विकणाऱ्यांनी हवा तो आकडा सांगितला. लिव्हरपूलने याच्या उलट केलं: व्हॅन डाइकचा ७.५ कोटी पौंडांचा सौदा २७ डिसेंबरला जाहीर, कुटिन्योचा ६ जानेवारीला. शिवाय कुटिन्योच्या जागी जानेवारीत कुणालाच आणलं नाही. मध्यातली भर सोडून मागची खिंडारं बुजवली. उन्हाळ्यात आलिसन. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला लीग.

दुसरं, एकाच्या बदल्यात सात. बेलच्या पैशात टॉटनहॅमने पाउलिन्यो, शादली, कापू, सोल्दादो, किरिकेश, लामेला, एरिक्सन आणले. सात जणांना एकमेकांची सवय लागेपर्यंत डिसेंबर उजाडला. त्यातला सर्वांत उपयोगी निघालेला एरिक्सन स्वस्तातला होता, हे गमतीचं.

तिसरं, शोधणारे गेले. साउथॅम्प्टनने २०१४ मध्ये सगळं बरोबर केलं: माने, तादिच, पेल्ले, फोर्स्टर, कर्जावर बर्ट्रँड आणि आल्डरवेइरेल्ड. पुढल्या वर्षी सहावे. पण भरतीप्रमुख पॉल मिचेल नोव्हेंबर २०१४ मध्येच टॉटनहॅमला निघून गेला होता. जानेवारी २०१८ मध्ये व्हॅन डाइकचे ७.५ कोटी हातात आले, त्यातून कारियो नावाचा स्ट्रायकर विक्रमी रकमेला आणला. लीगमध्ये शून्य गोल. त्या वर्षी १७ वे. विक्री तितकीच मोठी, निवडणारे डोळे मात्र दुसरे.

खडकीएंड

सगळेजण मॅनेजरला इतकं किरकोळ करून ठेवताय, तर अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या सिमेओनेचं काय? डिसेंबर २०११ पासून तोच आहे. २०१३ मध्ये फाल्काव मोनॅकोला गेला. बार्सिलोनाने जवळपास फुकटात सोडलेला व्हिया आणला, डिएगो कोस्ताला मुख्य केलं, त्याचे २७ लीग गोल, २०१४ ला ला लीगा. २०१९ मध्ये ग्रीझमन १२ कोटी युरोंना गेला, २०२१ ला पुन्हा ला लीगा. मॅनेजर टिकला की पर्यायी खेळाडू *स्वस्त* पडतो, कारण त्याला आयता तयार माल लागत नाही, तो घडवू शकतो. ही बचत घसारा यांच्या वहीत कुठे दिसते?

घसारा

दिसत नाही, मान्य. पण त्या १२ कोटींचं पुढे काय झालं तेही लिहा: १२.६ कोटींचा जुआव फेलिक्स. त्याला सिमेओनेसुद्धा घडवू शकला नाही.

खडकीएंड

🙂 तो घाव जुना आहे, राहू द्या.

आकडेमोड

@खडकीएंड, तुमच्या विरुद्धचं सगळ्यात नेमकं उदाहरण सिमेओनेचं नाहीच, क्लफचं आहे. ब्रायन क्लफ, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, १९७५ पासून. दोन युरोपियन कप, १९७९ आणि १९८०. याहून स्थिर मॅनेजर आणायचा कुठून? १९९२ च्या उन्हाळ्यात बचावाचा आधार डेस वॉकर सांपदोरियाला गेला. १६ ऑगस्टला लिव्हरपूलविरुद्ध टेडी शेरिंगहॅमने क्लबचा प्रीमियर लीगमधला पहिला गोल केला आणि त्याच महिन्यात तो टॉटनहॅमला विकला. त्याच्या तोडीचा कुणी आणला नाही. शेरिंगहॅम २२ गोल करून लीगमध्ये पहिला, फॉरेस्ट तळाला, लीगमधून बाहेर. १८ वर्षांचं स्थैर्य एका मोसमात कामाला आलं नाही, कारण मागचा खांब आणि पुढचा खांब एकाच उन्हाळ्यात काढला.

डावीबाजू

यात वयही धरा. दीर्घकाळ टिकलेल्या मॅनेजरचा धोका हाच, की त्याला "आता थांबा" म्हणणारं कुणी उरत नाही. फर्ग्युसनचं वेगळेपण टिकण्यात कमी आणि *वेळेवर विकण्यात* जास्त होतं. १९९५ मध्ये ह्यूज, इन्स, कान्चेल्स्किस एकाच उन्हाळ्यात, कारण मागे बेकहॅम, बट, स्कोल्स, नेव्हिल तयार होते. पुढच्या मे महिन्यात लीग आणि कप दोन्ही. २००१ चा स्टाम मात्र चुकला, ते त्याने स्वतःच नंतर मान्य केलं.

पर्यायी१२

कोच आणि शोधणारा दोघे एकदम गेले की काय होतं ते नेदरलँड्सच्या आयाक्समध्ये दिसलं. २०१९ मध्ये दे योंग आणि दे लिख्ट प्रत्येकी सुमारे ७.५ कोटी युरोंना गेले, तरी काही मोडलं नाही, कारण कोच तेन हाग आणि क्रीडा संचालक ओव्हरमार्स जागेवर होते. फेब्रुवारी २०२२ ला ओव्हरमार्स गेला, उन्हाळ्यात तेन हाग, पाठोपाठ अँटनी, लिसांद्रो मार्टिनेझ, हालर, ग्राव्हेनबेर्ख. २०२३ ला टिंबर, आल्वारेझ, कुदुस. नवा संचालक मिस्लिनटाट, नवा कोच स्टाइन, आणि एका उन्हाळ्यात डझनभर खरेदी. सप्टेंबरात संचालक बाहेर, ऑक्टोबरात कोच, संघ काही काळ तळाला. शेवट पाचवा. एप्रिलमध्ये फेयेनूर्डकडून ६-०. पैसा होता, भरपूर होता.

म्हणून माझा ढोबळ नियम: कोच, शोधणारा आणि कणा या तिघांपैकी एका वेळी एकालाच हात लावा.

पूर्वस्टँड

फ्लॅटचं रिनोव्हेशन करतानाही हाच नियम, पण पाळतो कोण.

आता पुण्यावर या की. मूळ प्रश्न बालेवाडीचा होता.

खडकीएंड

पुण्यावर. आयएसएलमध्ये कोच बदलणं युरोपपेक्षा महाग पडतं, आणि त्याचं कारण परदेशी खेळाडू. २०१४ मध्ये मैदानावर ६ परदेशी चालायचे, २०१७ पासून ५, २०२१ पासून ४. त्यांचे करार बहुतेक एका मोसमाचे. कोच गेला की त्याच्या ओळखीने आलेले परदेशीही गेले, म्हणजे गोलकीपर सोडून जवळपास सगळा कणा दर वर्षी नवा. डावीबाजू यांनी चेल्सीत दाखवलेला कणा इथे तयारच होत नाही. आपल्याकडे सहा कोच म्हणजे सहा कणे.

त्याआधीचं पुणे एफसी वेगळं होतं. डेरिक परेरा काही मोसम सलग होता, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली अव्वल लीग) चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरं स्थान. आणि बंगळुरूत वेस्टवुड तीन मोसम, दोन आय-लीग, एक फेडरेशन कप.

सगळ्यात झोंबणारं उदाहरण हैदराबादचं, कारण २०१९ मध्ये पुण्याची जागा त्यांनी घेतली. निखिल पुजारी, आशिष राय इथूनच तिकडे गेले. पहिला मोसम ब्राउनच्या हाताखाली सुरू, मधेच तो बाहेर, संघ तळाला. मग मनोलो मार्केझ २०२० ते २०२३. २०२१ मध्ये लिस्टन कोलासो एटीके मोहन बागानला गेला, बातम्यांप्रमाणे सुमारे १ कोटी रुपयांना, तेव्हाचा भारतीय विक्रम. त्याच उन्हाळ्यात ओगबेचे मुंबईहून आणला, १८ गोल, आणि मार्च २०२२ मध्ये अंतिम सामन्यात केरळला पेनल्टींवर हरवून चषक. विक्री झाली, कोच टिकला, जागा भरली.

मधलीफळी

@खडकीएंड, पण तो १ कोटी हा अपवाद. इथे बहुतेक खेळाडू करार संपल्यावर फुकट जातात. मग विक्रीवर चालणारा क्लब पुण्यात उभा कसा राहणार? अकादमी चालवणाऱ्याला परत काय मिळतं?

घसारा

दोन गोष्टी, दोन्ही फिफाच्या. पहिली प्रशिक्षण भरपाई: खेळाडूचा पहिला व्यावसायिक करार, आणि २३ व्या वाढदिवसाच्या वर्षाअखेरपर्यंत दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाणं. ट्रान्सफर फी शून्य असली तरी ही लागू होते. दुसरी एकजूट निधी: फीच्या ५ टक्के, १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ प्रत्येक वर्षाला ०.२५ टक्के, १६ ते २३ प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. चार पाव म्हणजे १, आठ अर्धे म्हणजे ४, एकूण ५.

डावीबाजू

@घसारा, एक दुरुस्ती. एकजूट निधी दोन क्लब वेगवेगळ्या देशांतले असतील तेव्हा, किंवा ते दोघे एका देशातले आणि घडवणारा क्लब दुसऱ्या देशातला असेल तेव्हा. पुण्याहून कोलकात्याला गेला तर फिफाचा हा नियम लागत नाही. आणि फुकट गेला तर शून्याचे ५ टक्के शून्यच.

घसारा

बरोबर. आणि हे पैसे फीच्या *वर* नसतात, फीतूनच कापून दिले जातात, विकणाऱ्याला ९५ मिळतात. हेही लोक उलटं धरतात.

मधलीफळी

मग हिशेब करून सांगा. मुलगा पुण्यातल्या अकादमीत १३, १४, १५, १६ अशा चार वर्षांच्या मोसमांत होता. पुढे कधीतरी युरोपातल्या एका देशातून दुसऱ्या देशात १ कोटी युरोंना गेला.

घसारा

०.२५ × ३ = ०.७५, अधिक १६ व्या वर्षाचे ०.५. एकूण १.२५ टक्के, म्हणजे १,२५,००० युरो. पण ते फिफाच्या क्लिअरिंग हाउसमधून येतात, आणि तिथे खेळाडूचा पासपोर्ट (कधी कुठल्या क्लबात होता याची यादी) बनतो तो राष्ट्रीय महासंघाच्या नोंदींवरून. इथे त्या नोंदी एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस नोंदणी प्रणालीत असतात. दर मोसमाला नाव, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख भरलेली हवी.

पूर्वस्टँड

आणि नाही भरली तर?

घसारा

समजा १५ आणि १६ व्या वर्षाची नोंद राहिली. ०.२५ आणि ०.५ गेले. हातात ५०,००० युरो, आणि ७५,००० एका न भरलेल्या फॉर्मपायी.